सौर वीज, साठवण बॅटरी आणि कृषिपंप : दिवसाच्या विजेचे नियोजन

बीजसंज्ञा : सौर ऊर्जा, साठवण बॅटरी, उदंचन जलविद्युत, कृषिवाहिनी, भार व्यवस्थापन

प्रस्तावना

जानेवारी २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मिशनचा प्रारंभ झाला, तेव्हा २०२२ पर्यंत २० हजार मेगावॅट सौर क्षमता उभारण्याचे उद्दिष्ट होते. २०१५ मध्ये हे उद्दिष्ट १ लाख मेगावॅटपर्यंत वाढविण्यात आले आणि जानेवारी २०२५ मध्ये देशाच्या सौर क्षमतेने तो टप्पा ओलांडला. मात्र क्षमता वाढली म्हणजे विजेचा प्रश्न सुटला असे होत नाही. सूर्य माध्यान्ही तळपतो, तर घराघरांतील दिवे, पंखे व स्वयंपाकघरातील उपकरणे सूर्यास्तानंतर एकाच वेळी सुरू होतात. या दोन वेळांतील अंतर कसे भरून काढावे, हा आज विकसनशील देशांच्या वीजव्यवस्थेपुढील महत्त्वाचा प्रश्न होय. प्रस्तुत लेखात भारताच्या, विशेषतः महाराष्ट्राच्या संदर्भात या प्रश्नाचे विवेचन करण्यात आले आहे.

साठवण म्हणजे काय?

बॅटरी वीज निर्माण करीत नाही. ती केवळ विजेची वेळ बदलते. म्हणूनच तिची क्षमता दोन आकड्यांत सांगावी लागते. मेगावॅट हा आकडा एका क्षणी किती वीज देता येईल हे दर्शवितो, तर मेगावॅट-तास हा आकडा एकूण किती वीज साठविता येईल हे दर्शवितो. १० मेगावॅट व २० मेगावॅट-तास क्षमतेचा संच पूर्ण शक्तीने दोन तासच चालतो. शिवाय बॅटरीत भरलेली सर्व वीज परत मिळत नाही. लिथियम बॅटरीच्या बाबतीत साधारणतः ८५ टक्के वीज परत मिळते असे धरले जाते. वापराच्या वर्षांबरोबर साठवणशक्तीही क्षीण होत जाते. म्हणजेच साठवलेले प्रत्येक युनिट हे थेट वापरलेल्या युनिटापेक्षा महाग असते.

भारतातील वाटचाल

फेब्रुवारी २०१९ मध्ये दिल्लीतील रोहिणी येथे १० मेगावॅट क्षमतेचा बॅटरी संच वीजजाळ्याला जोडण्यात आला. छत्तीसगडमधील राजनांदगाव येथील १०० मेगावॅट सौर प्रकल्पाला ४० मेगावॅट, १२० मेगावॅट-तास बॅटरीची जोड देण्यात आली असून फेब्रुवारी २०२४ मध्ये तो प्रकल्प राष्ट्राला समर्पित झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ४,००० मेगावॅट-तास बॅटरी साठवणीसाठी भांडवली खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत साहाय्य देण्याची योजना मंजूर केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने नव्या सौर निविदांमध्ये सौर क्षमतेच्या किमान १० टक्के इतकी, दोन तासांची साठवण अंतर्भूत करावी, असे सुचविले.

या काळात दरही झपाट्याने उतरले. दोन तासांच्या साठवणीसाठी २०२२ मध्ये निविदेत दर मेगावॅटला दरमहा दहा लाख रुपयांहून अधिक दर आला होता. २०२४ च्या अखेरीस, शासकीय साहाय्य धरून, तो सव्वादोन लाखांच्या आसपास आला. दर उतरले हे खरे, तथापि गरजही प्रचंड आहे. २०२३ च्या राष्ट्रीय विद्युत योजनेनुसार २०३१-३२ पर्यंत देशाला सुमारे २३६ हजार मेगावॅट-तास बॅटरी साठवण लागेल.

पाण्याच्या रूपातील साठवण

साठवण ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. २००८ मध्ये कार्यान्वित झालेला घाटघर येथील २५० मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प याच तत्त्वावर चालतो. वीज मुबलक असताना खालच्या जलाशयातील पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीजनिर्मिती करायची. पूर्वी पाणी चढविण्यासाठी मध्यरात्रीची शिल्लक वीज सोयीची मानली जाई. सौर वीज वाढल्यानंतर भर दुपारची वीजही त्यासाठी सोयीची ठरू लागली आहे.

कृषिपंप : दुर्लक्षित साठवण

राज्याच्या मागणीत कृषिपंपांचा वाटा मोठा आहे. वर्षानुवर्षे कृषिवाहिन्यांना आळीपाळीने काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री थ्री-फेज वीजपुरवठा होत आला. रात्रपाळीत शेतकऱ्याला काळोखात, थंडीत, सर्पदंशाचे व काही भागांत बिबट्याचे भय बाळगून पिकाला पाणी द्यावे लागते.

येथे एक साधा हिशेब उपयुक्त ठरेल. ५ अश्वशक्तीचा पंप म्हणजे सुमारे ३.७ किलोवॅट. तो आठ तास चालल्यास किमान ३० युनिट वीज लागते. ही वीज सूर्यापासून घेऊन रात्री द्यायची झाल्यास बॅटरीत सुमारे ३५ युनिट भरावी लागतील. असे १ लाख पंप एका रात्री चालविण्यासाठी ३,००० मेगावॅट-तास साठवण हवी. म्हणजे २०२३ च्या केंद्रीय योजनेतील मूळ उद्दिष्टाचा पाऊण हिस्सा. हेच पंप दिवसा चालविल्यास बॅटरीची गरजच उरत नाही. दिलेले पाणी जमिनीत ओलाव्याच्या रूपाने टिकते. पिकाला ते दुपारी मिळाले की मध्यरात्री, याने फारसा फरक पडत नाही. दिव्याचे तसे नाही. शिवाय पावसाळ्यात आभाळ झाकोळते तेव्हा सिंचनाची गरजही कमी असते.

२०१७ ची मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना व २०२३ पासूनचा तिचा दुसरा टप्पा यांमागील तर्क हाच आहे. दुसऱ्या टप्प्यात सुमारे १६ हजार मेगावॅट विकेंद्रित सौर क्षमतेचे लक्ष्य ठेवण्यात आले. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून कृषिवाहिनीला दिवसा वीज देणे हे तिचे सूत्र होय.

मर्यादा

जून २०२३ च्या केंद्रीय नियमांनुसार सौर तासांत वीजदर किमान २० टक्क्यांनी कमी ठेवावयाचा आहे. परंतु कृषी ग्राहक त्यातून वगळलेले आहेत. त्यातच २०२४ पासून राज्यात ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देण्यात येत आहे. ज्याला देयकच येत नाही त्याला दरातील सवलत वेळ बदलण्यास प्रवृत्त करू शकत नाही. येथे वाहिनीचे वेळापत्रक हेच प्रभावी साधन उरते. त्यासाठी कृषी व गावठाण वाहिन्यांचे विलगीकरण पूर्ण होणे आवश्यक आहे. दिवसा सहज मिळणाऱ्या मोफत विजेमुळे भूजलाचा उपसा वाढण्याचा धोकाही आहे; म्हणून ठिबक सिंचन व पीकपद्धतीचा विचार यासोबतच व्हावयास हवा.

निष्कर्ष

बॅटरी आवश्यक आहे, परंतु तिचे स्थान नेमके ठरविणे त्याहून आवश्यक आहे. जो भार दिवसा हलविता येतो, तो प्रथम हलवावा. जो हलविता येत नाही, त्या सायंकाळच्या भारासाठी बॅटरी व उदंचन प्रकल्प वापरावेत. आणि सलग ढगाळ दिवसांसाठी जलविद्युत व औष्णिक केंद्रे सज्ज ठेवावीत. हा क्रम उलटला, तर दिवसा मिळू शकणारी वीज रात्री देण्यासाठी महागडी साठवण उभारली जाईल, तिचा भार ग्राहकांवर व राज्याच्या तिजोरीवर पडेल आणि शेतकरी मात्र बॅटरीच्या विजेवरही रात्रीच बांधावर उभा राहील. भांडवल मर्यादित असलेल्या देशाला हा क्रम चुकविणे परवडणारे नाही.