रडता आलं म्हणजे अभिनय आला का?

बसमध्ये आहात, हेडफोन घरी राहिलेत किंवा शेजारी बॉस बसलाय, अशा सगळ्यांसाठी आजचा एपिसोड नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलतानाचे 'म्हणजे' आणि 'असं' थोडे कापलेत. सगळे नाही.

तुमच्या मेसेजमध्ये एक प्रश्न सारखा येतोय. ॲक्टिंगचा क्लास लावला तर माणूस म्हणून आपण बदलतो का? कॉन्फिडन्स वाढतो का? माझं उत्तर हो आहे. पण जाहिरातीत 'स्वतःला शोधा' असं जे लिहिलेलं असतं, त्या रस्त्याने नाही. मी आधी त्याच रस्त्याने गेलो होतो, म्हणून ती गोष्ट पहिली.

कॉलेजचं दुसरं वर्ष, पुणे, एकांकिकेच्या तालमी चालू. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. कुणीतरी म्हणालं, दोन दिवसांचं वर्कशॉप आहे, करून टाक. तिथे दिवे घालवले, सगळ्यांना जमिनीवर आडवं केलं आणि सांगितलं, आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस आठवा. मी थेट आयसीयूच्या बाहेर पोचलो. नर्सने आईच्या हातात दिलेली प्लास्टिकची पिशवी, त्यात बाबांचं घड्याळ आणि चष्मा. पाच मिनिटांत मी ओक्साबोक्शी रडत होतो. टाळ्या पडल्या. सर म्हणाले, "हे खरं आहे. हे सांभाळून ठेव आणि वापर."

मी वापरलं. एकांकिकेत माझा सीन असा होता की मुलाला वारलेल्या वडिलांचा मोबाइल सापडतो. पिशवी आठवायची, रडायचं. पहिल्या चार-पाच तालमी भारी गेल्या. मग हळूहळू रडू येईना. दहाव्या तालमीला तर काहीच नाही, कोरडा ठणठणीत. पण वाईट गोष्ट ती नव्हतीच. बाबांच्या वर्षश्राद्धाला आई त्या घड्याळाबद्दल बोलत होती आणि माझ्या डोक्यात आलं, हा डिटेल सीनमध्ये चालेल. आई समोर बसून बोलतेय, आणि मी मटेरियल गोळा करतोय! त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

आता ही 'आठवा आणि रडा' पद्धत आली कुठून? रशियाचे स्तानिस्लावस्की, ज्यांनी १८९८ मध्ये मॉस्को आर्ट थिएटर उभं केलं, त्यांना प्रश्न पडला होता की रोज त्याच वेळी, तीच भावना नटाने खरी कशी आणायची. रिबो नावाच्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाच्या लिखाणातून त्यांना भावनिक स्मृतीची कल्पना मिळाली. ती अमेरिकेत गेली. न्यूयॉर्कमध्ये १९३१ मध्ये सुरू झालेल्या ग्रुप थिएटरमध्ये ली स्ट्रासबर्ग यांनी तिच्यावर खूप भर दिला. तिथल्याच एक अभिनेत्री स्टेला ॲडलर या पद्धतीने वैतागल्या होत्या. १९३४ मध्ये पॅरिसला त्या खुद्द स्तानिस्लावस्कींना भेटल्या, काही आठवडे त्यांच्याबरोबर काम केलं आणि परत येऊन सांगितलं की भर कल्पनाशक्तीवर आहे, नाटकातल्या परिस्थितीवर आहे. स्वतःची जखम उकरण्यावर नाही. स्ट्रासबर्गना ते पटलं नाही. झालं, दोन तट पडले! तो वाद आजही चालू आहे. गंमत म्हणजे स्तानिस्लावस्की स्वतः उतारवयात शारीरिक कृतीकडे वळले होते: पात्राला या क्षणी नेमकं काय करायचंय ते बघा, ते खरोखर करा, भावना मागून येईल.

आपल्याकडेही बघा ना. नाट्यशास्त्रात अश्रू, घाम, कंप हे सात्त्विक भावांमध्ये मोजलेत आणि त्यांचं मूळ सांगितलंय मनाच्या एकाग्रतेत. डॉ. श्रीराम लागूंनी १९७० मध्ये 'नटसम्राट'मधला म्हातारा अप्पा बेलवलकर उभा केला तेव्हा ते चाळिशीत होते, आणि त्याआधी कान-नाक-घशाचे सर्जन म्हणून प्रॅक्टिस करत होते. ते म्हातारपण काही त्यांनी जगलेलं नव्हतं.

माझी गाडी रुळावर आणली ती एका दुसऱ्या ताईने. तिच्या क्लासमध्ये पहिले दोन आठवडे स्क्रिप्टच नव्हती. दोघांनी समोरासमोर बसायचं आणि दिसतंय ते बोलायचं. "तुझा शर्ट निळा आहे." "माझा शर्ट निळा आहे." "तुझा शर्ट निळा आहे." हेच, परत परत. सॅनफर्ड माइस्नर नावाच्या अमेरिकन शिक्षकाचा हा व्यायाम. ऐकायला येडपट वाटतो, मलाही हसू आलं. पण थोड्या वेळाने शब्द संपून जातात आणि फक्त समोरचा माणूस उरतो. त्याचा आवाज जरा चढला, नजर हलली, की तुमच्याही उत्तराचा सूर आपोआप बदलतो. माझा बदलत नव्हता. ताई म्हणाली, "तू ऐकत नाहीस. उत्तर तयार ठेवून बसतोस."

हे लागलं. कारण घरीही मी तेच करायचो. आई फोनवर बोलायची आणि मी 'हं, हं' करत रील्स बघायचो. एका रात्री ठरवून मोबाइल स्पीकरवर उपडा ठेवला आणि नुसतं ऐकलं. वीसेक मिनिटांनी आईने सांगितलं की ती पिशवी तिने अजून उघडलेली नाही. दीड-दोन वर्षं मी त्या पिशवीवर रडत होतो, आणि हे मला माहीतच नव्हतं. ते मी सीनमध्ये घातलं नाही. ठरवून नाही घातलं.

सीनमध्ये मग केलं काय? मोबाइलचा पासवर्ड शोधला. वडिलांचा वाढदिवस टाकून बघ, नाही. आईचा, नाही. आता शेवटचा प्रयत्न, मग फोन लॉक होणार. एवढंच काम, पण खरोखर करायचं. कधी रडू आलं, बऱ्याचदा नाही आलं. प्रेक्षक मात्र पासवर्ड लागेपर्यंत गप्प असायचे.

तर हो, माणूस बदलतो. माझा कॉन्फिडन्स फार वाढला असं नाही, लक्ष कुठे ठेवायचं ते बदललं. आणि क्लास म्हणजे थेरपी नव्हे. आतलं काही फार दुखत असेल तर त्यासाठी काउन्सेलर असतात, नाटकवाले नाहीत. फी भरण्याआधी एक क्लास नुसता बसून बघा. एखादा व्यायाम नको असेल तर नाही म्हणता येतं का, ते थेट विचारा. कुणी रडलं तर त्यानंतर शिक्षक काय करतात, तेही बघा. नुसत्या टाळ्या वाजत असतील तर चपला घाला.

निळ्या शर्टाचा व्यायाम करायला क्लास लागत नाही, रूममेट पुरतो. दहा मिनिटं करा आणि काय झालं ते व्हॉइस नोटवर पाठवा. माझ्या रूममेटने चौथ्या मिनिटाला मला उशी फेकून मारली होती.