टोमॅटो महागला, तर रिझर्व्ह बँकेने काय करावे?

2016 मध्ये रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती झाली आणि महागाई 4 टक्क्यांच्या आसपास, फार तर 2 ते 6 टक्क्यांच्या पट्ट्यात ठेवण्याची जबाबदारी या बँकेवर आली. महागाई मोजायची ती ग्राहक किंमत निर्देशांकावर. 2012 हे आधारवर्ष धरलेल्या या निर्देशांकात जवळपास 46 टक्के वजन खाण्यापिण्याच्या वस्तूंना होते. जुलै 2024 च्या आर्थिक पाहणी अहवालाने नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवले. भाजीपाल्याचे भाव पावसावर ठरतात, व्याजदरावर नाही. मग लक्ष्य ठरवताना खाद्यपदार्थ वगळूनच महागाई का धरू नये, असा त्याचा रोख होता. वरवर पाहता हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, वाढला की बँकांना पैसा महाग पडतो, घराचे आणि गाडीचे हप्ते चढतात, कारखानदार नवे कर्ज काढायला कचरतो आणि एकूण मागणी थंडावते. यातून टोमॅटोचे एक झाडही वाढत नाही. तरीही खाद्यपदार्थ लक्ष्याबाहेर काढणे चूक ठरेल, असे माझे ठाम मत आहे.

अन्नाची महागाई अन्नापुरती राहत नाही, हे त्याचे पहिले कारण. 2022-23 च्या घरगुती खर्चाच्या पाहणीनुसार ग्रामीण कुटुंबाच्या खर्चातला सुमारे 46 टक्के आणि शहरी कुटुंबाच्या खर्चातला सुमारे 39 टक्के वाटा खाण्यावर जातो. इतका मोठा खर्च चढला की माणूस मजुरी वाढवून मागतो. सरकारी कर्मचाऱ्यांना तर ती मागावीही लागत नाही. त्यांचा महागाई भत्ता औद्योगिक कामगारांच्या किंमत निर्देशांकाला जोडलेला आहे आणि त्या निर्देशांकातही डाळ-तांदूळ, तेल, भाजी आहेच. तेल आणि कांदा महिनोन्‌महिने चढे राहिले की खानावळवाला थाळीचे दर वाढवतो. पुढे कांदा उतरला तरी थाळी उतरत नाही, कारण तोवर वाढपी आणि आचारी यांचे पगार वाढलेले असतात. अन्नातून सुरू झालेली वाढ अशी सेवांमध्ये आणि पगारांत मुरते, आणि तिथे मात्र व्याजदराचा उपाय लागू पडतो. खाद्यपदार्थ आणि इंधन वगळून काढलेल्या, म्हणजे गाभा महागाईत ही वाढ दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

भाजी महागली की व्याज वाढवायचे, असा याचा अर्थ लावला जातो. तो चुकीचा आहे. दोन वर्षांतले दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. 2022 मध्ये युक्रेन युद्धामुळे खाद्यतेल आणि इंधन भडकले, एप्रिलमध्ये महागाई 7.79 टक्क्यांवर गेली आणि गाभा महागाईही चढीच होती. 4 मे रोजी नियोजित वेळापत्रकाबाहेर बैठक घेऊन रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीने रेपो दर 4 टक्क्यांवरून 4.40 टक्के केला. फेब्रुवारी 2023 पर्यंत तो 6.5 टक्क्यांवर पोहोचला. सलग तीन तिमाही पट्टा ओलांडला गेल्याने बँकेला सरकारला लेखी कारणेही द्यावी लागली. याउलट जुलै 2023 मध्ये टोमॅटोने किलोमागे शंभरी ओलांडली, महागाई 7.44 टक्के झाली, पण गाभा महागाई उतरत होती. समितीने ऑगस्टमध्ये दर जागचा हलवला नाही. नवे पीक बाजारात आले आणि ऑक्टोबरमध्ये महागाई 4.87 टक्क्यांवर उतरली. लक्ष्यात अन्न असूनही तात्पुरता भडका आणि मुरलेली महागाई यांतला फरक समितीला करता आला. 2 ते 6 असा रुंद पट्टा ठेवला आहे तो याचसाठी.

शेतकऱ्याच्या बाजूने घेतला जाणारा आक्षेप मात्र गंभीर आहे. निर्देशांक आटोक्यात ठेवण्यासाठी सरकार निर्यात अडवते आणि फटका लासलगावच्या कांदा उत्पादकाला बसतो, असे म्हटले जाते. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरमध्ये सरसकट बंदी, ती उठायला मे 2024 उजाडला. हा राग खरा आहे आणि रास्तही. पण अशीच बंदी डिसेंबर 2010 मध्येही आली होती, तेव्हा महागाईचे लक्ष्य कायद्यात नव्हतेच. शिवाय 2012 आधारवर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात कांदा, बटाटा आणि टोमॅटो यांचे मिळून वजन जेमतेम 2.2 टक्के होते. बंदीमागे शहरी ग्राहकाच्या मताची धास्ती असते. अन्न लक्ष्यातून काढले म्हणून ती धास्ती जाणार नाही. उलट, ज्या आकड्यावर बँकेला जाब विचारायचा त्यातून गरिबाचा सर्वांत मोठा खर्चच गायब होईल. एप्रिल-मेमध्ये कांदाचाळीत भरलेला उन्हाळी कांदा सप्टेंबरनंतर सडू लागतो, खरिपाचा यायला वेळ असतो आणि भाव तेवढ्यात उसळतो. साठवणुकीतली ही फट बुजवणे राज्य आणि केंद्र सरकारचे काम आहे, आणि त्यासाठी निर्देशांकाला हात लावण्याची गरज नाही.