न भरणारी जखम

विळीवर बोट कापलं की रक्त गोठतं, फायब्रिनची जाळी विणली जाते, पांढऱ्या पेशी धावून येतात, नव्या रक्तवाहिन्या फुटतात, कडेच्या पेशी विभागत मधली फट बुजवतात. आणि मग हे सगळं थांबतं. मला या थांबण्याचंच सर्वांत जास्त नवल वाटतं. कारण कर्करोगाच्या गाठीतही हीच यंत्रणा राबते, फक्त तिथे थांबण्याचा हुकूम कुणी पाळत नाही.

बोस्टनचे विकृतिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी १९८६ साली गाठींना ‘न भरणाऱ्या जखमा’ म्हटलं. गाठीतल्या पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात. त्याने रक्तवाहिन्या पाझरू लागतात, बाहेर फायब्रिन साचतं, आणि जखम समजून शरीरच गाठीला रक्तपुरवठा जोडून देतं. हे प्रथिन अडवणारं बेव्हासिझुमॅब आज काही कर्करोगांवर वापरलं जातं.

उलट वाटही आहे. वर्षानुवर्षं चिघळलेल्या जखमेत कधीकधी कर्करोग उद्भवतो. परकराची नाडी कमरेला एकाच जागी काचून झालेल्या व्रणांत तो आढळल्याच्या नोंदी आपल्याकडच्या डॉक्टरांनी केल्या आहेत.

तोंडातला किंवा कातडीवरचा व्रण ३ आठवड्यांत भरला नाही, तर मलमं बदलत बसू नका. डॉक्टरांना दाखवा.