गळका गीझर आणि दुसरा अभिप्राय

ज्या तारापूरला १९६९ साली पाणी उकळून वीज निर्माण करणाऱ्या अणुभट्ट्या कार्यान्वित झाल्या, त्याच्याच शेजारच्या दांडीत न्हाणीघरातला गीझर ठिबकू लागला म्हणजे मात्र गृहस्थाची पंचाईत होते. कारण पहिला कारागीर ओझरती नजर टाकून ‘टाकी गेली, नवा घ्या’ असा फैसला देतो, आणि तो फैसला खरा की सोयीचा हे ठरविण्याचे साधन आपल्यापाशी नसते.

वास्तविक गळतीची स्थाने मोजकीच. पंचवीस लिटर पाणी साठ अंशांपर्यंत तापले की त्याचे आकारमान सुमारे एक-तृतीयांश लिटरने वाढते, आणि त्याला परतीची वाट नसेल तर ते सुरक्षा-झडपेतून ठिबकते. तापवतानाच येणारे असे थेंब हा बिघाड नव्हेच. नळाचा सांधा किंवा कॉइलच्या तबकडीखालचे रबरी वायसर झिजले असल्यास अल्प खर्चात काम भागते. याउलट, टाकीला गंजापासून वाचविण्यासाठी स्वतः झिजणारी मॅग्नेशियमची कांडी संपून पोलादालाच छिद्र पडले असेल, तर डागडुजी व्यर्थ. आणि समुद्रकाठच्या मचूळ पाण्याने हे लवकर घडते.

म्हणून बोईसरहून दुसरा कारागीर बोलवावा, पहिल्याचा अभिप्राय त्याला सांगू नये, आणि वीज तोडून, आवरण काढून, पाणी नेमके कोठून येते ते दाखविण्याचा आग्रह धरावा. दोघांचे बोट एकाच छिद्राकडे गेले, तरी खरेदीपूर्वी वॉरंटीचा कागद पाहावा. टाकीची मुदत बहुधा इतर भागांहून अधिक असते. तोवर गळक्या गीझरचे बटण कोणीही दाबू नये.