विश्लेषण : दुकानदार, शिक्षक, कलावंतांना ‘एमबीए’चे दार किती उघडे?

मुंबईच्या डबेवाल्यांवर हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० मध्ये केस स्टडी प्रसिद्ध केली. डबेवाला असा अभ्यासाचा विषय झाला. पण तसलेच काम करणारा एखादा पदवीधर प्रवेश अर्ज भरायला बसला, की ‘कंपनीचे नाव, हुद्दा, वार्षिक वेतन’ या रकान्यांपाशीच अडतो. वडिलांचे किराणा दुकान चालवणारी मुलगी, जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक, संस्थेत काम करणारा कार्यकर्ता, नाटकवाला या सगळ्यांची अडचण तीच. आयटी किंवा बँकेतील नोकरी नसेल, तर व्यवस्थापन शिक्षणासाठी अर्ज करावा का आणि कुठे?

अनुभवाला किंमत कुठे, कुठे नाही?

महाराष्ट्रातील एमबीए-एमएमएससाठी राज्य सीईटी कक्षाची परीक्षा होते. तिथल्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत गुणवत्ता यादी परीक्षेतील गुणांवर लागते. मुलाखत नाही, अनुभवाला गुण नाहीत. म्हणजे पाच वर्षे दुकान चालवले काय आणि कालच पदवी मिळाली काय, सारखेच. ज्यांना आपला अनुभव कागदावर दाखवता येत नाही, त्यांच्यासाठी हे खरे तर सोयीचेच.

आयआयएमच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी ‘कॅट’ लागते. पदवीला ५० टक्के (अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांगांसाठी ४५ टक्के) गुण असले की अर्ज करता येतो. अनुभवाची अट नाही. पुढची छाननी मात्र प्रत्येक आयआयएम आपापल्या सूत्राने करते. त्यात दहावी, बारावी, पदवी यांचे गुण येतात आणि बहुतेक ठिकाणी अनुभवाचे महिनेही. आयआयएम बंगळूरुच्या सूत्रात ३६ महिन्यांनंतर अनुभवाचे गुण वाढत नाहीत. आयआयएम अहमदाबाद पदवीच्या विद्याशाखेनुसार गट पाडून प्रत्येक गटातील अव्वल काहींना मुलाखतीला बोलावते. त्यामुळे कला किंवा वाणिज्य पदवीधराची स्पर्धा तेवढ्यापुरती तरी थेट इंजिनीअरांशी नसते. एकूण या टप्प्यावर काम किती दिवस केले हे मोजले जाते, काय केले हे फारसे नाही.

‘काय केले’ हे विचारणारे दार वेगळे आहे. हैदराबाद-मोहालीच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचा एक वर्षाचा अभ्यासक्रम (किमान दोन वर्षांचा अनुभव), आयआयएम अहमदाबादचा पीजीपीएक्स (किमान चार वर्षे) आणि परदेशातील बहुतेक एमबीए ‘जीमॅट’ किंवा ‘जीआरई’च्या गुणांबरोबर निबंध आणि शिफारसपत्रे मागतात. वेगळ्या वाटेच्या अर्जदाराला बोलायला जागा मिळते ती इथे.

अनुभव म्हणून नेमके काय धरतात?

सहसा पदवीनंतरचे, पूर्णवेळ आणि पगारी काम. इंटर्नशिप, अर्धवेळ काम, पदवीआधीची नोकरी आणि अनेक ठिकाणी सीएची आर्टिकलशिपही धरत नाहीत. सुटीत क्लासमध्ये शिकवलेले, गणपतीत मंडळाचे हिशेब पाहिलेले हे निबंधात सांगता येते, महिन्यांत मोजता येत नाही. ‘टीच फॉर इंडिया’ची दोन वर्षांची फेलोशिप पूर्णवेळ आणि मानधनाची असल्याने तिचा प्रश्न तुलनेने सोपा. तरीही संस्थेची त्या वर्षीची नियमावली वाचूनच आकडा भरावा. मुलाखतीच्या वेळी कागद तपासताना अर्जातील महिने चुकीचे ठरले, तर उमेदवारी रद्द होऊ शकते.

घरच्या धंद्याचा पुरावा काय?

खरी मेख इथे आहे. नोकरदाराकडे नेमणूकपत्र, पगारपत्रके, फॉर्म १६ असतो. घरच्या दुकानात बसणाऱ्या मुलाला पगारच नसतो. घरखर्च भागतो, लागतील तेव्हा पैसे मिळतात. दुकानाचा गुमास्ता परवाना, जीएसटी नोंदणी, उद्यम नोंदणी सगळे वडिलांच्या नावावर. कागदोपत्री तो मुलगा बेरोजगार ठरतो. मुलींच्या बाबतीत तर हे आणखी ठळक, कारण भागीदारीत त्यांचे नाव घालण्याचा विचारही अनेक घरांत होत नाही.

यावर मागच्या तारखेचे कागद करणे हा उपाय नव्हे, तो गुन्हा आहे. ज्यांना दोन-तीन वर्षांनी अर्ज करायचा आहे, त्यांनी आजच भागीदारीत नाव घालून घ्यावे किंवा धंद्यातून बँकेमार्फत रीतसर पगार सुरू करावा आणि स्वतःचे प्राप्तिकर विवरणपत्र दरवर्षी भरावे. शेतीत हे आणखी अवघड. सातबारा जमीन कोणाची ते सांगतो, कष्ट कोणाचे ते नाही. तिथे बाजार समितीतील आडत्याच्या हिशेबपट्ट्या, शेतकरी उत्पादक कंपनीतील पद, स्वतःच्या खात्यावरील व्यवहार यांचा आधार घ्यावा लागतो.

शिफारसपत्राचीही तीच गत. वडीलच साहेब असतील, तर त्यांचे पत्र चालत नाही. जुना घाऊक पुरवठादार, मोठा ग्राहक, धंद्याचे हिशेब पाहणारे सीए यांना विचारता येते. मात्र पत्र लिहिणाऱ्याने अर्जदाराला प्रत्यक्ष काम करताना पाहिलेले हवे. ओळखीच्या आमदाराच्या पत्राचा काहीही उपयोग नाही.

निबंधात, मुलाखतीत काय बघतात?

‘मला समाजासाठी काही करायचे आहे’ असे लिहिणारे पुष्कळ असतात. निवड समितीला हवे असतात निर्णय. शिक्षकाने ‘मुलांना घडवले’ असे लिहिण्यापेक्षा पट कमी होत चाललेल्या शाळेत पालकांना कसे परत आणले, कोणाचा विरोध झाला, काय फसले हे लिहावे. नाटकाच्या दौऱ्याचा व्यवस्थापक तारखा, तालमी, गाड्या, उधारी आणि रुसलेले नट एकाच वेळी सांभाळतो. त्याला नेतृत्वाचे वेगळे उदाहरण शोधावे लागू नये. दुसरा हमखास प्रश्न : ‘चालू काम सोडून एमबीए कशाला?’ ‘पगार वाढेल’ हे उत्तर प्रामाणिक असले तरी अपुरे. सध्याच्या कामात नेमके काय येत नाही म्हणून शिकायचे, हे सांगता आले पाहिजे.

गणित सुटलेल्यांचे काय?

त्याला पळवाट नाही. कॅटमध्ये ४० मिनिटांचा एक पूर्ण विभाग गणिताचा. २०२३ च्या अखेरीस आलेल्या नव्या जीमॅटमध्ये निबंध गेला आणि डेटा इनसाइट्स हा विभाग आला. कला शाखेतून आलेल्यांना म्हणून तयारीला जादा वेळ धरावाच लागतो. जीमॅटचे गुण पाच वर्षे चालतात, त्यामुळे नोकरी सांभाळून आधी परीक्षा आणि नंतर अर्ज, असेही करता येते.

प्रवेश मिळाला, पुढे नोकरी मिळेल?

हा प्रश्न माहितीपत्रकात सापडत नाही. संस्थेने विविधता म्हणून निवडलेल्या विद्यार्थ्याला कॅम्पसवर आलेली कंपनी त्याच नजरेने पाहील असे नाही. अनुभवींसाठीच्या जागांवर कंपन्या बहुधा संबंधित क्षेत्रातील अनुभव मागतात. चार वर्षे शिकवलेल्याला मग नवख्यांबरोबर, नवख्यांच्या पगारावर उभे राहावे लागू शकते. नामांकित संस्थांचे शुल्क आता २५ लाखांच्या घरात किंवा त्याहून वर आहे. २५ लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने १० वर्षांत फेडायचे, तर महिन्याचा हप्ता सुमारे ३३ हजार रुपये होतो. शिकतानाचे व्याज त्यात नाही. ग्रामीण किंवा सामाजिक क्षेत्रातच परतायचे असेल, तर हा हप्ता तिथल्या पगाराशी आधी ताडून पाहावा आणि आणंदची ‘इर्मा’, मुंबईची ‘टिस’ यांसारख्या संस्थांचाही विचार करावा. संस्थेचा प्लेसमेंट अहवाल चाळताना सर्वोच्च पॅकेज सोडून मध्यक पगार बघावा. आणि शक्य झाल्यास आपल्यासारख्याच पार्श्वभूमीच्या माजी विद्यार्थ्याला गाठून विचारावे, की पहिली नोकरी कोणती मिळाली आणि किती फेऱ्यांनंतर.