जीपगाडी उंच केल्यानंतर : मागच्या ॲक्सलची जुळणी

महाराष्ट्राचा बराच मोठा भाग डोंगराळ व वनव्याप्त आहे. सातपुड्यातील धडगाव, मेळघाटातील धारणी व चिखलदरा, गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड यांसारख्या तालुक्यांत अनेक पाडे व वस्त्या अशा आहेत की, पावसाळ्यात तेथपर्यंत पोहोचण्यासाठी ओढे, दगडगोटे आणि चाकोऱ्या ओलांडाव्या लागतात. वनरक्षक, लसीकरण पथक, मतदानाचे साहित्य नेणारे कर्मचारी यांचा भार अशा वाटांवर जीपगाडीवरच असतो. गाडीचा पोट दगडाला घासू लागला म्हणजे "गाडी थोडी उंच करून घ्यावी" अशी सूचना पुढे येते. पाट्यांखाली ठोकळे घालून किंवा लांब शॅकल बसवून हे काम एका दिवसात उरकता येते.

खरी अडचण त्यानंतर सुरू होते. सरळ रस्त्यावर गाडी चालत असताना स्टिअरिंगचे चाक किंचित वळलेले राहते, ठराविक वेगाला तळातून घरघर जाणवते, एका बाजूचा टायर लवकर झिजतो. दोष पुढच्या चाकांत असावा अशा समजुतीने पुढची जुळणी पुनःपुन्हा केली जाते आणि गुण येत नाही. कारण अनेकदा दोषाचे मूळ मागच्या ॲक्सलमध्ये असते. उंची वाढविणे हे निम्मेच काम होय. मागचा ॲक्सल पुन्हा आपल्या योग्य जागी व योग्य कोनात आणणे हे उरलेले निम्मे काम होय.

उंची कोठे वाढते ?

प्रथमतः एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पाटे किंवा स्प्रिंग यांच्या आधारे गाडी उंच केली असता चेसिस व बॉडी वर जातात. ॲक्सल मात्र चाकांच्या मध्याशी बांधलेला असल्यामुळे तेथेच राहतो. मागच्या डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून जितका वर होता तितकाच राहतो. तो वर न्यावयाचा तर मोठा टायर हा एकच उपाय आहे, आणि त्यातही टायरचा व्यास जितका वाढेल त्याच्या निम्मीच उंची मिळते. ज्या वाटेवर डिफरन्शियलच दगडाला अडतो, तेथे केवळ ठोकळे घालून काहीही साधत नाही. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी गाडीचा कोणता भाग घासतो हे पाहणे हिताचे ठरते.

मागच्या ॲक्सलची बांधणी मुख्यतः दोन प्रकारची असते. १९८५ साली बाजारात आलेली मारुती जिप्सी किंवा ग्रामीण भागात सर्वत्र दिसणारी महिंद्र बोलेरो यांचा मागचा ॲक्सल पाट्यांवर बांधलेला असतो. पाटेच भार पेलतात आणि ॲक्सलला जागेवरही धरून ठेवतात. २०२३ साली भारतात विक्रीस आलेल्या जिम्नीसारख्या गाडीत भार कॉइल स्प्रिंग पेलतात आणि ॲक्सलला जागेवर ठेवण्याचे काम लोखंडी दांडे करतात. उंची वाढविल्यानंतर या दोन्ही प्रकारांत ॲक्सल वेगवेगळ्या रीतीने सरकतो. तथापि तपासणीच्या कसोट्या तीनच आहेत : ॲक्सल गुण्यात आहे काय, तो मध्यावर आहे काय, आणि प्रॉपेलर शाफ्टचे कोन बरोबर आहेत काय.

पहिली कसोटी : ॲक्सल गुण्यात असणे

बैलगाडीचा आख तिरका बसला तर गाडी एका बाजूला ओढते, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. मोटारगाडीचेही तसेच आहे. पुढची चाके चालक वळवू शकतो. मागची चाके मात्र ॲक्सल ज्या दिशेला तोंड करील त्याच दिशेला गाडी ढकलतात. समजा, दोन चाकांतील अंतर १,३०० मिलिमीटर आहे आणि ॲक्सलचे एक टोक दुसऱ्यापेक्षा १० मिलिमीटर पुढे आहे. हा कोन अर्ध्या अंशाहूनही कमी भरतो. तरीही पुढच्या व मागच्या चाकांत २,४०० मिलिमीटर अंतर असलेली गाडी सरळ जात असताना तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेपासून सुमारे १८ मिलिमीटर बाजूने धावतात. गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. ओल्या रस्त्यावर एकाएकी ब्रेक लावण्याची वेळ आली म्हणजे हा तिरकेपणा धोक्याचा ठरतो.

पाट्यांच्या गाडीत असे होण्याची कारणे साधी असतात. पाट्याच्या मधल्या बोल्टचे डोके ठोकळ्याच्या भोकात नीट बसलेले नसते, दोन्ही बाजूंचे ठोकळे सारख्या मापाचे नसतात, यू-बोल्ट एका बाजूने अधिक आवळले जातात किंवा जुने बुश झिजलेले असतात. दांड्यांच्या गाडीत डाव्या-उजव्या दांड्यांची लांबी असमान राहते.

तपासणीसाठी महागडे यंत्र लागतेच असे नाही. गवंडी पायाची आखणी गुण्यात आहे की नाही हे कर्ण मोजून ठरवितो. तीच रीत येथे उपयोगी पडते. गाडी सिमेंटच्या सपाट जागेवर उभी करावी. टायरमधील हवा सारखी असावी. गाडी दोन-तीन मीटर पुढे ढकलून चाके व पाटे आपोआप स्थिर होऊ द्यावेत. नंतर चेसिसच्या पुढील भागातील डाव्या व उजव्या बाजूच्या समान भोकांमधून, तसेच मागच्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांकडील समान जागांवरून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने चार खुणा कराव्यात. गाडी बाजूला घेऊन या खुणांमधील अंतरे मोजावीत. डाव्या बाजूची लांबी उजव्या बाजूइतकी आणि एक कर्ण दुसऱ्या कर्णाइतका भरला, तर ॲक्सल गुण्यात व मध्यावर आहे. फरक सुमारे ३ मिलिमीटरच्या आत राखणे हे चांगल्या कामाचे लक्षण होय. मात्र उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेली मर्यादा असेल तर तीच प्रमाण मानावी.

फरक आढळल्यास पाट्यांच्या गाडीत यू-बोल्ट सैल करून, मधला बोल्ट आपल्या भोकात बसवून, सर्व नट आळीपाळीने व सारखे आवळावेत. इतके करूनही फरक राहिला तर बुश, पाट्यांची कमान आणि चेसिस तपासावी. ॲक्सलची नळीच अतिभाराने वाकली असेल तर कोणत्याही जुळणीने तो दोष जात नाही. ती बदलावीच लागते.

दुसरी कसोटी : ॲक्सल मध्यावर असणे

कॉइल स्प्रिंगच्या बऱ्याच गाड्यांत एक आडवा दांडा असतो. त्याचे एक टोक चेसिसला व दुसरे ॲक्सलला जोडलेले असते आणि ॲक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणे हे त्याचे काम असते. गाडी उंच होते तेव्हा हा दांडा अधिक तिरपा होतो. तिरप्या दांड्याचा आडवा विस्तार कमी होत असल्यामुळे तो ॲक्सलला चेसिसकडील टोकाच्या बाजूला ओढून घेतो.

उदाहरणादाखल ९०० मिलिमीटर लांबीचा दांडा घेऊ या. त्याच्या दोन टोकांच्या उंचीत मुळात १०० मिलिमीटर फरक असेल, तर पायथागोरसच्या सिद्धान्तानुसार त्याचा आडवा विस्तार सुमारे ८९४ मिलिमीटर येतो. गाडी ७५ मिलिमीटर उंच केली की उंचीतील फरक १७५ मिलिमीटर होतो व आडवा विस्तार सुमारे ८८३ मिलिमीटर उरतो. म्हणजेच ॲक्सल साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास बाजूला सरकतो. दांडा मुळात अगदी आडवा असता तर हेच सरकणे जेमतेम ३ मिलिमीटर झाले असते. यावरून उपाय स्पष्ट होतो : लांबी कमीजास्त करता येणारा आडवा दांडा बसवून ॲक्सल मध्यावर आणावा, किंवा दांड्याचे बसण्याचे स्थान योग्य त्या भक्कम कंसाने बदलून त्याचा तिरपेपणा कमी करावा. लांबी ठरविताना गाडीचा संपूर्ण भार चाकांवर असला पाहिजे. जॅकवर लोंबकळणाऱ्या ॲक्सलचे माप उपयोगाचे नसते.

तिसरी कसोटी : शाफ्टचे कोन

गिअरबॉक्सकडील शक्ती मागच्या डिफरन्शियलला पोहोचविणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात. साध्या क्रॉसचा गुणधर्म असा की, तो कोनात फिरू लागला म्हणजे एका बाजूची समान गती दुसऱ्या बाजूला समान राहत नाही. प्रत्येक फेऱ्यात ती दोनदा वाढते व दोनदा घटते. कोन १० अंशांचा असेल तर हा चढउतार सुमारे दीड टक्का असतो; २० अंशांना तो सहा टक्क्यांवर जातो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच पण उलट कोनात असला म्हणजे पहिल्याचा चढउतार दुसरा भरून काढतो. याकरिता गिअरबॉक्सकडील दंड व डिफरन्शियलच्या पिनियनचा दंड हे परस्परांना समांतर असावे लागतात.

येथेच एक चूक वारंवार होते. गाडी उंच झाल्यावर शाफ्ट अधिक तिरपा दिसतो, म्हणून पाट्याखाली पाचर घालून पिनियनचे तोंड गिअरबॉक्सच्या दिशेने वर केले जाते. शाफ्ट डोळ्यांना सरळ दिसू लागतो; परंतु एका टोकाचा कोन कमी व दुसऱ्याचा जास्त झाल्याने घरघर वाढते आणि क्रॉस लवकर निकामी होतो. पिनियनचे तोंड शाफ्टच्या रेषेत आणणे फक्त तेव्हाच योग्य, जेव्हा शाफ्टच्या गिअरबॉक्सकडील टोकाला दुहेरी क्रॉस असतो. सपाट ठोकळ्याने उंची वाढविली असेल तर समांतरपणा सहसा टिकून राहतो व पाचरीची गरज पडत नाही. शॅकल मागच्या टोकाला असून तो लांब केला असेल, तर मात्र पाटा व त्याच्याबरोबर ॲक्सल फिरतो. ५० मिलिमीटर लांब शॅकलने मागची बाजू सुमारे २५ मिलिमीटरच उंच होते. पण १,१०० मिलिमीटरच्या पाट्यावर ॲक्सल सुमारे अडीच अंशांनी फिरून पिनियनचे तोंड वर होते. तेवढाच कोन उलट देणारी पोलादी पाचर हा येथे योग्य उपाय होय.

हे कोन मोजण्यास शाळेतील कोनमापक व त्याच्या मध्याला बांधलेला ओळंबाही प्राथमिक अंदाजापुरता पुरेसा आहे. मात्र पाचर निवडण्यासाठी कार्यशाळेतील कोनमापी वापरावी. माप उंची वाढविण्याच्या आधी व नंतर, अशा दोन्ही वेळी घेतले तर किती अंशांची दुरुस्ती हवी हे तर्काने ठरविण्याची वेळ येत नाही. शाफ्ट उतरविण्यापूर्वी त्याच्या दोन्ही भागांवर खूण करावी, कारण सरकत्या सांध्यात तो एक दाता चुकून बसला तरी थरथर सुरू होते. उंचीमुळे शाफ्टला अधिक लांब व्हावे लागते. म्हणून सरकत्या सांध्याची पकड पुरेशी उरली आहे काय, हेही पाहावे.

ब्रेक, तोल आणि कायदा

ॲक्सल जागेवर आला तरी काही बाबी उरतात. ब्रेकची रबरी नळी पूर्ण लोंबलेल्या ॲक्सलवरही ताणली जाता कामा नये. अनेक गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार कमीअधिक करणारी एक झडप चेसिसवर असून तिचा दांडा ॲक्सलला जोडलेला असतो. गाडी उंच केली की या झडपेला गाडी रिकामी असल्याचा भास होतो व ती मागच्या ब्रेकचा दाब घटविते. भरलेली गाडी घाटात उतरत असताना याचा परिणाम काय होईल हे सांगावयास नको. म्हणून या दांड्याची जुळणी पुस्तिकेनुसार पुन्हा करणे अनिवार्य समजावे. नवे यू-बोल्ट वापरावेत, काही शे किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळावेत, आणि बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच अखेरचे आवळावेत. एकावर एक ठोकळे रचणे सर्वथा टाळावे. हेडलाइटचा झोतही खाली करून घ्यावा.

उंचीची किंमत तोलात मोजावी लागते. चाकांतील अंतर १,३०० मिलिमीटर व गुरुत्वमध्य ६५० मिलिमीटरवर असलेली गाडी ७५ मिलिमीटर उंच केली, तर उलटण्यास विरोध करण्याची तिची क्षमता सुमारे दहा टक्क्यांनी घटते. कोणतीही जुळणी ही घट भरून काढू शकत नाही. म्हणून गरजेपुरतीच व कमीत कमी उंची हा नियम पाळणे श्रेयस्कर होय.

कायद्याची बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या व नोंदणी प्रमाणपत्रात नमूद झालेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी वाहनमालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. त्यामुळे काम हाती घेण्यापूर्वी नोंदणी अधिकाऱ्याकडे विचारणा करणे हेच योग्य.

कार्यालयाची जबाबदारी

वाहनाची जबाबदारी ज्यांच्याकडे असते ते अधिकारी बहुधा यंत्रज्ञ नसतात. तरीही तीन गोष्टी त्यांच्या हातात आहेत. काम सुरू होण्यापूर्वीची मापे लिहून घेणे, काम झाल्यावर तीच मापे पुन्हा घेण्याचा आग्रह धरणे, आणि दोन्ही वाहनाच्या नोंदवहीत लावून ठेवणे. कार्यशाळेच्या देयकावर केवळ "गाडी उंच केली" असे न लिहिता दोन्ही कर्ण, ॲक्सलचे मध्यापासूनचे अंतर, पिनियनचा कोन व ब्रेकच्या झडपेची जुळणी यांचा उल्लेख असावा. हा खर्च एका टायरच्या किमतीच्या मानाने नगण्य आहे.

पाड्यावरच्या रुग्णाला घेऊन रात्री घाट उतरणाऱ्या गाडीत बसणाऱ्यांना ॲक्सलचा कोन दिसत नाही. ओळंबा, खडू व टेप घेऊन कोणीतरी तो आधीच तपासलेला आहे, एवढा भरवसा त्यांना मिळावयास हवा. आणि तो देणे कोणत्याही तालुक्याच्या आवाक्यातील गोष्ट आहे.