'आवडतं' एक, इंग्रजी शब्द अनेक

मराठीत 'आवडणे' हे एक क्रियापद आपले बरेच काम भागवते. मला हॉकी आवडते. मला आमच्या हाऊसचा म्हातारा माळी आवडतो. मला एकदा विमानातून उडी मारायला आवडेल. मला भूदलापेक्षा नौदल जास्त आवडते. चारही वाक्यांत क्रियापद तेच आहे. इंग्रजीत मात्र या चार ठिकाणी चार निराळे शब्द शोभतात. आपले कॅडेट सहावी-सातवीत सगळ्यालाच 'लाइक' म्हणतात आणि बारावीत मुलाखतीची तयारी सुरू झाली की सगळ्यालाच 'पॅशन' म्हणू लागतात. इंग्रजीचा शिक्षक या नात्याने या दोन टोकांच्या मधले शब्द मी इथे मांडतो आहे. एसएसबीच्या माहितीपत्रकात खेळ आणि छंद यांचे रकाने असतात. तिथे लिहिलेल्या प्रत्येक शब्दावर मुलाखतीत प्रश्न येऊ शकतो.

आधी वाक्याची घडण पाहू. 'मला आंबे आवडतात' यात क्रियापद आंब्यांप्रमाणे चालते. 'मी' तिथे नाही, 'मला' आहे. हिंदीत 'मुझे', पंजाबीत 'मैनूं', तमिळमध्ये 'एनक्कु', कन्नडमध्ये 'ननगे' अशीच सुरुवात होते. म्हणजे आपल्या डॉर्मिटरीतल्या जवळजवळ प्रत्येकाची मातृभाषा इथे एकाच वळणाची आहे. गंमत म्हणजे जुनी इंग्रजीही अशीच होती. 'लाइक'चा मूळ अर्थ 'आवडणे' नसून 'रुचणे, संतोष देणे' असा होता. वस्तू माणसाला रुचत असे. पुढे काही शतकांत रचना उलटली आणि माणूस कर्त्याच्या जागी आला. आज इंग्रजीत आवड सांगताना 'आय' पुढे उभा राहतो. मला यात एक शिस्त दिसते. आवड आपली आहे, तर तिची जबाबदारीही आपणच घ्यायची.

लाइक आणि वुड लाइक. 'आय लाइक टी' म्हणजे चहा मला एरवी आवडतो. 'आय वुड लाइक टी' म्हणजे आत्ता चहा मिळाला तर बरे. पहिले वाक्य माहिती देते, दुसरे विनंती करते. मेसमध्ये 'आय वॉन्ट टी' म्हटले तर ते हुकमासारखे ऐकू येते. 'मला हे पुस्तक आवडत आहे' याचे शब्दशः भाषांतर करून 'आय ॲम लाइकिंग' म्हणण्याची सवय आपल्याकडे फार आहे. मुलाखतीत ती टाळावी. 'आय लाइक' एवढे पुरते.

एंजॉय. याच्यापुढे 'टू' येत नाही. 'आय एंजॉय रनिंग' बरोबर, 'आय एंजॉय टू रन' चूक. शिवाय या क्रियापदाला कर्म लागते. कॅम्पहून परतल्यावर 'वी एंजॉयड अ लॉट' असे बहुतेक जण लिहितात. 'वी एंजॉयड द कॅम्प' किंवा 'वी एंजॉयड अवरसेल्व्ज' असे लिहावे.

फॉन्ड ऑफ. सहवासाने हळूहळू जडलेला जिव्हाळा या शब्दात आहे. हाऊसचा माळी इथे बसतो. या शब्दाचा जुना अर्थ 'वेडगळ' असा होता. आपणही एखाद्या गोष्टीचे 'वेड' आहे असे म्हणतोच की! पण जिव्हाळ्याला काळ लागतो. जी गोष्ट कधी केलीच नाही, तिच्याबद्दल 'फॉन्ड ऑफ' म्हटले तर ऐकणाऱ्याला ते खरे वाटत नाही.

कीन. न केलेल्या गोष्टीसाठी हा शब्द आहे. विमानातून उडी मारायची असेल तर 'आय ॲम कीन टू ट्राय' म्हणा. यात उत्सुकता आणि तयारी दोन्ही येतात. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ 'शूर, धाडसी' असा होता, हे कॅडेटांना नक्की आवडेल.

प्रिफर. लॅटिनमध्ये याचा अर्थ 'पुढे ठेवणे'. एनडीएच्या अर्जात भूदल, नौदल, हवाई दल यांचा पसंतीक्रम भरावा लागतो, तो हाच. 'आय प्रिफर द नेव्ही टू द आर्मी' असे म्हणावे. इथे 'दॅन' नको. 'सीनियर टू मी' हे तुम्ही रोज बरोबर बोलता. लॅटिनमधून आलेल्या त्या शब्दालाही 'टू'च लागतो, हे लक्षात ठेवले की चूक होणार नाही. आणि पसंती म्हटली की कारण आलेच. कारण सांगता येत नसेल, तर तो क्रम बहुधा मित्राचा किंवा वडिलांचा असतो.

वुड रादर. 'उपाशी राहीन, पण उसने घेणार नाही' हे इंग्रजीत 'आय वुड रादर गो हंग्री दॅन बॉरो' असे होते. इथे 'दॅन' हवा आणि 'टू' नको. 'रादर' म्हणजे मुळात 'अधिक लवकर'. दोन वाटांपैकी आधी कोणती धरीन, हे तो सांगतो.

लव्ह. भाषाशास्त्रज्ञांच्या मते 'लव्ह' आणि संस्कृतातला 'लुभ्' हा धातू एकाच प्राचीन मुळातून आले आहेत. त्याच धातूपासून आपला 'लोभ' झाला. जुन्या पत्रांच्या शेवटी 'लोभ असावा' असे लिहीत, तो हाच लोभ. असा शब्द आईवडिलांसाठी आणि देशासाठी राखून ठेवावा. नूडल्सवर तो रोज खर्च करू नये.

राहिला पॅशन. त्याचे मूळ लॅटिनमध्ये 'सोसणे' या अर्थाच्या क्रियापदात आहे. ज्या गोष्टीसाठी तुम्ही काही सोसले असेल, तिलाच हा शब्द लावा. 'फोटोग्राफी इज माय पॅशन' म्हटले की पुढचा प्रश्न ठरलेला: गेल्या महिन्यात किती फोटो काढले, आणि कोणता फसला व का? तिथे गप्प बसणाऱ्यापेक्षा 'आय एंजॉय टेकिंग फोटोग्राफ्स' म्हणून दोन खऱ्या गोष्टी सांगणारा मुलगा किंवा मुलगी नेहमी उजवी ठरते. लहान शब्दाने कोणी लहान होत नाही. न पेलणारा मोठा शब्द मात्र माणसाला उघडे पाडतो.

पालकांना एक विनंती. मुले सुट्टीत घरी येतील तेव्हा 'तुला काय आवडतं?' एवढे विचारून थांबू नका. 'किती आवडतं? त्यासाठी काय केलंस?' हेही विचारा, आणि मराठीतच विचारा. आपली आवड आपल्या भाषेत ज्याला नीट तोलता आली, त्याला इंग्रजीतला शब्द निवडणे जड जात नाही. आणि कॅडेटहो, एका कागदावर आपल्या पाच आवडी लिहा. प्रत्येकीपुढे वरच्यापैकी एकच शब्द आणि एक पुरावा लिहा. पुरावा सापडला नाही, तर एक पायरी खाली उतरून साधा शब्द घ्या.